भास्कराचार्य आणि त्यांची काठी

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात सोनाळा नावाचे गाव आहे. तेथील मोकळ्या जागेत एक सरळ काठी रोवली, तर सकाळी तिची सावली पश्चिमेच्या बाजूस लांब पसरते, दुपारी आखडते आणि सायंकाळी पूर्वेच्या बाजूस पुन्हा लांबत जाते. गुराखी आणि शेतकरी हे दृश्य नित्य पाहतात. परंतु या साध्या सावलीवरून दिशा ठरविता येतात, वेळ सांगता येते आणि आपले गाव पृथ्वीच्या पाठीवर कोठे आहे हेही जाणता येते. सोनाळ्याच्या नैर्ऋत्येस, खानदेशात चाळीसगावजवळ पाटण हे स्थान आहे. काठी, पाणी व माती एवढ्याच साधनांनी आकाशाचे गणित शिकविणाऱ्या एका थोर आचार्यांची स्मृती तेथील शिलालेखाने जपली आहे. ते आचार्य म्हणजे भास्कराचार्य होत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलवीड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. हे गाव पाटणच्या परिसरातच असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यांचे घराणे विद्वानांचे होते. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू झाले. गणित आणि ग्रहगती यांचे पाठ त्यांना घरातच मिळाले.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ सिद्धीस नेला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. पैकी ‘लीलावती’ तर शतकानुशतके विद्यार्थ्यांच्या हाती राहिली. वाऱ्याने मोडलेला वेळू, तळ्यात बुडालेले कमळ, सापावर झेप घेणारा मोर अशी उदाहरणे घालून त्यांनी रुक्ष गणितही रम्य केले. पुढे १५८७ मध्ये फैजी याने या भागाचे फारसीत भाषांतर केले.

त्या काळी दुर्बीण नव्हती आणि यांत्रिक घड्याळेही नव्हती. गोलाध्यायात भास्कराचार्यांनी यंत्रांसाठी एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्यातील घटीयंत्र पाहण्यासारखे आहे. तळाशी छिद्र असलेले तांब्याचे अर्धगोल पात्र पाण्यावर सोडावयाचे. छिद्रातून पाणी आत शिरते आणि ठरावीक वेळाने पात्र बुडते. छिद्र नेमके केवढे असावे याची पूर्वीच्या ग्रंथांत बारीक मापे दिलेली होती. भास्कराचार्यांनी ती अडचण सहज दूर केली. पात्र एका अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्राला भागावे, म्हणजे एका बुडण्याचा काळ मिळतो, असा मार्ग त्यांनी दाखविला. अहोरात्रात साठ घटका असतात. म्हणून पात्र साठ वेळा बुडाले तर एक बुडणे एका घटकेचे, म्हणजे चोवीस मिनिटांचे. तीस वेळा बुडाले तर दोन घटकांचे. महागडे पात्र नसले तरी चालेल, मोजणी मात्र चोख हवी.

अनेक यंत्रांचे वर्णन केल्यावर त्यांनी सर्वश्रेष्ठ मानले ते धीयंत्र, म्हणजे बुद्धीचे यंत्र. हातात एक काठी आणि जवळ थोडे पाणी असले, की बुद्धिमान मनुष्याला न मोजता येईल असे काय आहे, अशी त्यांची धारणा होती. उंच वेळूचे टोक पाण्यात प्रतिबिंबित झालेले पाहून त्याची उंची काढण्याचे गणित त्यांनी याच ठिकाणी मांडले आहे. समजा, एका मुलाचे डोळे भूमीपासून तीन हात उंच आहेत. त्याच्यापासून दोन हातांवर पाण्याचे भांडे आहे आणि भांड्यापासून वेळू बारा हात दूर आहे. पाण्यात वेळूचे टोक दिसले, तर दोन हातांस तीन हात, तर बारा हातांस किती, या त्रैराशिकाने वेळूची उंची अठरा हात येते. झाडावर न चढता झाडाची उंची कळते.

ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी मानावयाची नाही, हा भास्कराचार्यांचा बाणा होता. त्यांच्या पूर्वी सुमारे चार शतके लल्ल नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. लल्लांचा अधिकार सर्वमान्य होता. परंतु गोलाचे पृष्ठफळ काढण्याची त्यांची रीत भास्कराचार्यांना पटेना. अशा मान्यवर आचार्यांची चूक दाखविणे ही सामान्य गोष्ट नव्हती. भास्कराचार्यांनी त्यासाठी शब्दांचा वाद घातला नाही. मातीचा किंवा लाकडाचा गोल करावा, त्यावर रेषा आखून त्याचे लहान लहान तुकडे पाडावेत आणि त्या तुकड्यांची बेरीज करावी, असे त्यांनी सांगितले. त्या गोलानेच निर्णय दिला. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या परिघास व्यासाने गुणून येते, म्हणजेच ते गोलाच्या मध्यावरील वर्तुळाच्या चौपट असते. आजही एखादे गोल संत्रे घेऊन त्याच्या मध्याएवढी चार वर्तुळे कागदावर काढावीत आणि साल बारीक तोडून त्यांत मांडावी; चारही वर्तुळे जवळजवळ भरून जातात.

पृथ्वी गोल असून कोणत्याही आधारावाचून अवकाशात आहे, हे त्यांनी युक्तीने पटवून दिले. पृथ्वीला आधार मानला, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल आणि ही मालिका कोठेच संपणार नाही. मोठ्या वर्तुळाचा लहानसा भाग जसा सरळ भासतो, तशीच एवढी मोठी पृथ्वी आपल्याला सपाट भासते. मात्र त्यांच्या काळच्या बहुतेक ज्योतिष्यांप्रमाणे तेही पृथ्वी स्थिर आहे असेच मानीत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ज्ञान पुढे निरीक्षणानेच सिद्ध झाले. पूर्वसूरींचा आदर राखूनही त्यांची चूक सुधारावी, हा भास्कराचार्यांचाच मार्ग होता.

उतारवयातही त्यांची लेखणी थांबली नाही. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, इसवी सन ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचला. ग्रहांचे गणित करणाऱ्यांना सोप्या रीती मिळाव्यात, हा त्यामागील हेतू होता.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाळ याच्या पदरी होते आणि नातू चांगदेव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ काळाच्या ओघात लुप्त होऊ नयेत, म्हणून चांगदेवांनी पाटण येथे त्यांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. इसवी सन १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात या मठाला मिळालेल्या दानांची नोंद आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत असून, पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाच्या उत्पन्नाचा वाटा मठास दिल्याचे त्यात नमूद आहे. बाजारातल्या पैशावर आकाशाचे गणित शिकविले जात होते! एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला.

तो मठ आज चालू नाही. परंतु त्याचे पाठ कोणालाही गिरविता येतात. २१ मार्चच्या सुमारास सोनाळ्यात बारा अंगुळे उंचीची काठी उभी करावी. मध्यान्ही तिची सावली साडेचार अंगुळांहून किंचित अधिक भरते. गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर असल्याची ती साक्ष होय. मग दिवसेंदिवस ती सावली आखडत जाते आणि मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात एके दिवशी मध्यान्ही काठीच्या बुडाशीच नाहीशी होते. ऊन रणरणत असते; तरी डोक्यावर टोपी घालून दररोज त्या सावलीच्या टोकाशी खूण करणारा विद्यार्थी नकळत भास्कराचार्यांच्या शिष्यपरंपरेत येऊन बसतो.