गुणसूत्रं मोजत मोजत सायलेंट व्हॅलीपर्यंत

इन्स्टावर अधूनमधून एक पोस्ट फिरताना दिसते : भारताच्या उसात गोडवा आणणारी शास्त्रज्ञ. फोटो जानकी अम्माळ यांचा. पोस्ट अगदीच खोटी नाही, पण साखरेच्या नादात त्यांच्या आयुष्यातला खरा भारी भाग राहूनच जातो.

जन्म ४ नोव्हेंबर १८९७ चा, केरळातल्या तेलीचेरीचा. वडील सब-जज्ज, बागेचा आणि पक्ष्यांचा नाद असलेले. भावंडं ढीगभर. बहिणींची लग्नं एकेक करून होत होती, जानकी यांचंही घाटत होतं. त्यांनी मात्र मद्रासला बॉटनी केली, तिथेच कॉलेजात शिकवलं आणि आशियाई मुलींसाठीची बार्बर स्कॉलरशिप मिळवून थेट अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ गाठलं. १९३१ मध्ये तिथूनच डॉक्टरेट घेतली. लग्न राहिलं ते राहिलंच.

त्यांचा विषय सायटोलॉजी. म्हणजे वनस्पतीच्या पेशी मायक्रोस्कोपखाली धरायच्या आणि गुणसूत्रं मोजायची. ऐकायला बोअर वाटतं ना? (मी अकरावीलाच बायोलॉजीला रामराम केला, त्यामुळे मलाही वाटलं.) पण त्या आकड्यांवरून कोणतं झाड कोणाचं नातेवाईक आणि संकर कोणाशी जमेल, याचा अंदाज येतो.

१९३४ मध्ये त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात आल्या. पोस्टवाल्यांची गफलत होते ती इथे. 'को २०५' हा गाजलेला संकरित ऊस त्यांच्या आधीच, १९१८ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोचला होता. जाड, गोड ऊस आणि नदीकाठी आपोआप वाढणारं एक रानगवत यांचा तो संकर. जानकी यांनी त्या रानगवताचा आणि उसाच्या बाकी नातलगांचा अभ्यास केला, उसाचा मक्याशी आणि बांबूशीही संकर करून पाहिला. हे रानगवत लक्षात ठेवा, पुढे लागेल.

केंद्रातले दिवस सोपे नव्हते. एकटी राहणारी बाई, त्यात 'खालच्या' मानल्या गेलेल्या थिय्या समाजातली. १९३९ मध्ये त्या परिषदेसाठी एडिंबरोला गेल्या, महायुद्ध सुरू झालं आणि मुक्काम वाढला. लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत काम मिळालं. रात्री बॉम्ब पडायचे, सकाळी फुटलेल्या काचा झाडून पुन्हा कामाला सुरुवात. १९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अ‍ॅटलास आला. त्यानंतर विझ्लीच्या बागेत मॅग्नोलियावर काम. मॅग्नोलियाच्या एका प्रकाराला आजही त्यांचंच नाव आहे.

१९५१ मध्ये नेहरूंनी बोलावलं : बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाची नव्याने घडी बसवा. त्या परतल्या, पण १९५४ मध्ये मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली ती मुंबईच्या झेवियर्सच्या फादर सांतापाव यांची, म्हणजे मूळच्या एका स्पॅनिश माणसाची. जानकी यांना ते फार लागलं. सांतापाव यांचं खंडाळ्याच्या वनस्पतींवरचं काम पाहिलं तर माणूस मोठाच होता. तरी नव्या देशात आपली झाडं आपण ओळखायची, हा त्यांचा हट्ट मला पटतो.

याच काळात त्यांची नजर बदलत गेली. शिलाँगपासून ३७ मैलांवर मॅग्नोलियाचं एक दुर्मीळ झाड शोधायला त्या गेल्या, तर ते जाळून टाकलेलं. १९५५ मध्ये प्रिन्स्टनला, माणसाने पृथ्वीचं रूप कसं बदललं यावर मोठी परिषद भरली. बोलावलेल्यांत बाई एकच, जानकी. तिथे त्या भारतातल्या निर्वाहशेतीबद्दल बोलल्या.

नंतर अलाहाबाद, जम्मू, थोडे दिवस आपलं तुर्भ्याचं भाभा केंद्रही. १९७० पासून मद्रास. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली. तोवर केरळात कुंतीपुळा नदीवर धरण बांधायचा घाट घातला गेला होता. सायलेंट व्हॅलीतलं सुमारे ८ चौरस किलोमीटर सदाहरित जंगल पाण्याखाली जाणार होतं. केरळ शास्त्र साहित्य परिषद, कवयित्री सुगताकुमारी, विद्यार्थी, सगळे विरोधात उतरले. वीज हवी की झाडं, असा सरळ सवाल विचारला जायचा, आणि विजेची गरज काही खोटी नव्हती.

जानकी तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्या मोर्चाच्या पुढे राहून घोषणा देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी काढलं तेच जुनं काम : या खोऱ्यातल्या वनस्पतींची गुणसूत्रं मोजायची, जंगल बुडायच्या आत नोंद करून ठेवायची. आता ते रानगवत आठवा. नदीकाठच्या कुणीही न लावलेल्या गवतातून देशाला ऊस मिळाला होता. या खोऱ्यात असं काय काय उगवलंय, हे न बघताच ते बुडवायचं?

१९८३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. १५ नोव्हेंबर १९८४ ला सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. नऊ महिने आधी, ७ फेब्रुवारीला, मद्रासजवळ मदुरवॉयलच्या आपल्या प्रयोगशाळेत जानकी गेल्या होत्या.