एक्सप्लेनर : धान्यावर मिळणाऱ्या लाकडी नांगरापुढे लोखंडी नांगर कसा टिकला? लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर : पुंडलिकनगरातून वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यांना ‘डिझाइन फॉर मॅन्युफॅक्चरिंग’ हा शब्द नवा नाही. वस्तू कमी खर्चात कशी बनेल, हे ती कागदावर असतानाच ठरवणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठी मुलखात हे गणित शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका नांगरावर मांडले गेले.

कोण होते लक्ष्मणराव?
जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकताना रंगांधळेपण लक्षात आले आणि ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे व्हीजेटीआयमध्ये शिकवले. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

अडचण काय होती?
लाकडी नांगर गावचा सुतार बनवायचा आणि बलुत्यात धान्य घ्यायचा. लोखंडी नांगराला रोख पैसे लागत. त्यात लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली.

खर्च कुठे वाचतो?
ओतकामात एकदा पॅटर्न तयार झाला की वाळूच्या साच्यांतून सारखेच भाग शेकड्यांनी काढता येतात. भाग सारखे असले की जोडणीत कानस मारत बसावे लागत नाही. नांगराचा सर्वाधिक झिजणारा भाग म्हणजे फाळ. तो सुटा, बोल्टने बसणारा ठेवला, तर शेतकऱ्याला फक्त फाळ बदलावा लागतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०८ मध्येच सुट्या भागांच्या नांगराचे पेटंट घेतले होते. प्रश्न होता तो इथल्या छोट्या कारखान्यात, इथल्या कारागिरांच्या हातून हे करून दाखवण्याचा.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?
शहरवाढीसाठी बेळगाव नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या या माळावर १९१० मध्ये कामगारांच्या कुटुंबांसह वसाहत उभी राहिली.

युद्धात काय झाले?
पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेना. कोळशाऐवजी लाकडाचा लोणारी कोळसा वापरला गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. ओतीव लोखंड पुन्हा वितळवता येते, म्हणून तोफेचा नांगर होऊ शकला.

आज याचे महत्त्व काय?
२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. नांगरापासून सुरू झालेला उद्योग तोवर पंप आणि इंजिनांपर्यंत पोहोचला होता. कारखान्यात खर्चकपात म्हटली की आधी माल हलका केला जातो किंवा माणसे कमी केली जातात. नांगराचे गणित वेगळे होते : भाग सारखे ठेवा, झिजणारा भाग सुटा ठेवा आणि हाताशी असलेल्या मालातून बनेल असेच डिझाइन करा. त्यात कारखान्याचा पैसा वाचतो आणि दुरुस्तीच्या वेळी गिऱ्हाइकाचाही.