फणसाचे द्रोण

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे गावी झाला. पाळण्यातले नाव विनायक, आईचा विन्या. मातोश्री रुक्मिणीबाई मूळच्या कर्नाटकातल्या, याचे आम्हां बीदरकरांस विशेष अप्रूप वाटते.

अंगणातला फणस पिकला की मुले अधीर होत. परंतु मातोश्री गरे द्रोणांत भरून प्रथम शेजारच्या घरोघरी विन्याच्याच हाती धाडीत. घरच्यांची पाळी शेवटी येई. शिक्षणासाठी घरी राहिलेल्या एका विद्यार्थ्यास त्या सदैव ताजे अन्न वाढीत. शिळे स्वतः खात, अधिक उरल्यास विन्याच्या पानात घालीत. हा भेद का, असे विन्याने विचारताच पोटच्या मुलाविषयीची आसक्ती अजून सुटलेली नाही, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली. मुलापुढे स्वतःचे उणे मान्य करणारी ही माता १९१८ मध्ये निवर्तली.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूमिहीन दलितांनी विनोबांकडे जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा हा आरंभ. ते गाव तेव्हा हैदराबाद राज्यात होते. आमचे बीदरही १९५६ पर्यंत त्याच राज्यात होते. पुढे विनोबा वर्षानुवर्षे पायी हिंडून भूमिहीनांसाठी भूमी मागत राहिले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचे देहावसान झाले.

घरोघरी द्रोण पोहोचविणारा मुलगाच पुढे दारोदार देण्याचा धडा सांगत गेला, असे आम्हांस वाटते. विद्यार्थिमित्रहो, आईने शेजारी वाटी देऊन धाडले, तर कुरकुरू नका. शाळेत न मिळणारा पाठ तेथे मिळतो.