ठिपक्यांचे गणित

भंडारा जिल्ह्यात अड्याळच्या आसपासच्या रानात बिबट्या वावरतो. त्याच्या अंगावरचे काळे ठिपके तुम्ही निदान चित्रात तरी पाहिले असतील. पिल्लू आईच्या पोटात असताना या ठिपक्यांच्या जागा कशा ठरतात? सगळे अंगच काळे का होत नाही? या प्रश्नांचे उत्तर गणितात शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे ॲलन ट्युरिंग.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सरकारी अधिकारी होते. त्यामुळे आईवडील हिंदुस्थानात आणि लहानगा ॲलन मोठ्या भावासह इंग्लंडमध्ये परक्या घरी, अशी काही वर्षे गेली. शाळेत इतर मुले हॉकी खेळत आणि हा मैदानातली फुले वाकून पाहत राही. आईने त्याचे तसे चित्रही काढले होते.

दुसऱ्या महायुद्धात ट्युरिंग यांनी जर्मनीचे गुप्त संदेश उलगडले. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतही ते अग्रभागी होते. पण फुलांचे वेड सुटले नव्हते. सजीवांची नक्षी कशी वाढते, यावर १९५२ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला.

त्यातली कल्पना समजण्यासाठी बांबूचे बेट आठवा. एका कोंबाशेजारी दुसरा येतो आणि बेट वाढते. समजा, त्याची मुळे दूरवरचे पाणी ओढून घेतात. मग लगेच शेजारी दुसरे बेट होणार नाही. ते काही अंतरावरच उभे राहील. ट्युरिंग म्हणत, शरीरातही अशी दोन द्रव्ये असावीत. एक स्वतःला वाढवते आणि दुसऱ्यालाही जन्म देते. दुसरे पहिल्याला आवरते आणि त्याच्याहून वेगाने पसरते. आरंभी सगळीकडे सारखे मिश्रण असले, तरी बारीकसा फरक वाढत जातो आणि ठिपके उमटतात. हाताने आकडेमोड करून त्यांनी असा एक नमुना कागदावर काढून दाखवला!

त्याच वर्षी समलैंगिकतेबद्दल त्यांना शिक्षा झाली. इंग्लंडमध्ये तेव्हा तो गुन्हा मानला जाई. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना शरीराची हानी करणारी औषधे घ्यावी लागली. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. सूर्यफुलातील बियांच्या रचनेचे गणित अर्धेच राहिले. सरकारने माफी दिली ती २०१३ साली. फार उशिरा!

१९९० साली फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तसे ठिपके उमटवले. पुढे २०२१ साली अमेरिकेतील संशोधकांनी बिबट्याच्या धाकट्या भावंडाच्या, म्हणजे आपल्या मांजराच्या, गर्भाची कातडी तपासली. तिच्यावर रंग दिसण्याआधीच पट्ट्यांच्या जागा आखल्या गेल्या होत्या.