ब्रिजवाला व्हीटस्टन

फर्स्ट इयरला फिजिक्स लॅबमध्ये व्हीटस्टन ब्रिज बॅलन्स झाला, की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण मित्रांनो, हा ब्रिज मुळात व्हीटस्टनचा नाहीच! तो सॅम्युएल ख्रिस्तीने १८३३ मध्ये मांडला. व्हीटस्टनने १८४३ मध्ये तो लोकांपुढे आणला, ख्रिस्तीला श्रेयही दिलं. तरी नाव चिकटलं याचंच. आणि जे खरंच याचं होतं, त्यासाठी मात्र बिचाऱ्याला भांडावं लागलं.

चार्ल्स व्हीटस्टनचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ चा, इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरजवळचा. घरचा धंदा वाद्यांचा. कॉन्सर्टिना हे वाद्य त्यानेच काढलं. विद्यापीठात न शिकता १८३४ मध्ये तो लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्रोफेसर झाला. स्वभाव भलताच बुजरा. त्याचे शोध फॅरेडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोकांना समजावून सांगायचा. (वायवाला घाबरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) १८३७ मध्ये कुकबरोबर टेलिग्राफचं पेटंट घेतलं, मग श्रेयावरून कुकशीही वाजलं.

१८३८ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे स्टिरिओस्कोप मांडला. आपले दोन डोळे साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असतात, म्हणून प्रत्येकाला थोडं वेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्यातून खोली काढतो. हे दाखवायला त्याने काटकोनात दोन आरसे ठेवले, दोन बाजूंना दोन चित्रं. फोटोग्राफी तेव्हा जाहीरही झाली नव्हती, म्हणून चित्रं हाताने काढलेली! मला सगळ्यात आवडतो तो त्यातला स्क्रू. अर्ध्या भागाला उजवे आटे, अर्ध्याला डावे. फिरवला की दोन्ही चित्रं सारखीच जवळ येतात किंवा लांब जातात.

अलाइनमेंट किती नाजूक असते हे आम्हाला हॉस्टेलच्या रूमवर कळलं. दाढीचे दोन आरसे, मेसमधल्या बादलीचे दोन फोटो. एक फोटो दोनेक मिलिमीटर खाली चिकटला, तर डोकं दुखायला लागलं. डोळे आडवे जुळवून घेतात, पण एक वर एक खाली असं त्यांना फारसं जमत नाही. तो सरळ केला, तर बादली उलटी! आतला तळ पुढे आलेला. आरशात फोटोची डावी-उजवी बाजू बदलते हे आम्ही विसरलो होतो. फोटोंची अदलाबदल केली, बादली परत खोल झाली. (अक्षरं उलटी दिसली, पण ते चालायचंच.) स्लाइड माउंट करताना डावी-उजवी चुकली तरी हेच होतं. व्हीटस्टनने तर १८५२ मध्ये खोली उलटी दाखवणारं यंत्रच मांडलं, स्यूडोस्कोप.

मग भिंगांचा, हातात मावणारा स्टिरिओस्कोप डेव्हिड ब्रूस्टरने काढला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो व्हिक्टोरिया राणीला आवडला आणि घरोघरी गेला. ब्रूस्टर तेवढ्यावर थांबला नाही. मूळ कल्पनाच व्हीटस्टनची नाही असं तो म्हणू लागला आणि १८५६ मध्ये दोघांची 'द टाइम्स'मध्ये पत्रांतून जुंपली. ब्रूस्टर प्रकाशशास्त्रातला मोठा माणूस, पण इथे तो चुकला असं माझं स्पष्ट मत आहे. १८३८ चा पेपर छापलेला आहे, आणखी काय पाहिजे?

१८६८ मध्ये व्हीटस्टन सर झाला. १९ ऑक्टोबर १८७५ ला पॅरिसमध्ये तो वारला. तेव्हाही तो कामातच होता, समुद्राखालच्या केबलसाठी नवं यंत्र करत होता.