संत फ्रान्सिस झेवियर यांचे आज्ञापालन

आपल्या ज्युबिलीच्या या शुभप्रसंगी कोणा थोर भक्ताचे चरित्र वाचकांच्या हाती द्यावे, असा विचार करीत असता संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव आमच्या मनात प्रथम आले. त्यांचे दूरदूरचे प्रवास व गोव्यास जतन करून ठेवलेले त्यांचे पवित्र शरीर यांविषयी आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकलेले आहे. परंतु ज्या गुणामुळे हे थोर कार्य त्यांच्या हातून घडले, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. गैरसोयीच्या वेळीही ईश्वरावर भरवसा ठेवून तत्काळ आज्ञा पाळणे, हा तो गुण होय. त्याच दृष्टीने हे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म नवारा प्रांतातील झेवियर नामक गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी झाला. घराणे मानाचे होते. परंतु राज्यक्रांतीत त्याची फार हानी झाली. वडील १५१५ साली वारले व पुढील वर्षी गढीचे बुरूज पाडून टाकण्यात आले. गेलेला मान विद्येच्या बळावर परत मिळवावा, या हेतूने हा तरुण १५२५ साली पॅरिसच्या विद्यापीठात गेला. मायदेशी, पाम्प्लोनाच्या महामंदिरात, एखादे प्रतिष्ठेचे पद मिळावे, अशी त्याची आकांक्षा होती. तेथेच १५२९ साली इग्नेशियस लोयोला हा वयाने प्रौढ व लंगडत चालणारा विद्यार्थी त्याच्या खोलीत राहावयास आला. प्रथम फ्रान्सिस त्यास दाद देईना. परंतु इग्नेशियसच्या धीराने व प्रेमाने त्याचे मन हळूहळू पालटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरील देवळात सात मित्रांनी दारिद्र्याचे व शुद्धतेचे व्रत घेतले, त्यांत फ्रान्सिस एक होते. १५३७ साली व्हेनिस येथे त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

आता १५४० सालच्या मार्च महिन्यातील प्रसंग पाहू. पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांनी हिंदुस्थानासाठी धर्मगुरू मागितले होते. येशूसंघास अद्याप पोपमहाशयांची लेखी मान्यता मिळावयाची होती व संघात अवघे दहा जण होते. इग्नेशियस यांनी सिमोन रॉड्रिग्ज व निकोलस बोबाडिया या दोघांची निवड केली. फ्रान्सिस हे रोमेत पत्रव्यवहाराचे काम पाहत होते. त्यांचे नाव या निवडीत नव्हते. पण बोबाडिया आजारी अवस्थेतच रोमेस पोहोचला. राजाचे वकील मास्कारेन्यस यांचा निघण्याचा दिवस ठरला होता व त्यांस थांबणे शक्य नव्हते. स्वतः आजारी असलेल्या इग्नेशियस यांनी तेव्हा फ्रान्सिस यांस बोलावून घेतले व हे काम त्यांच्याकडे सोपविले. फ्रान्सिस यांनी तत्काळ होकार दिला. जुने कपडे शिवून घेतले, संघाच्या भावी प्रमुखासाठी आपले मत इग्नेशियस यांच्या नावे कागदावर लिहून ठेविले आणि एका दिवसाच्या मुदतीत ते रोम सोडण्यास सिद्ध झाले. ज्या गुरूवर त्यांचे सर्वांहून अधिक प्रेम होते, त्याचे दर्शन त्यांस या जन्मी पुन्हा घडले नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पूर्वेकडील देशांत ज्यांचे नाव अजरामर झाले, त्यांची निवड दुसऱ्याच्या आजारपणामुळे ऐनवेळी झाली होती. आपण मूळचे निवडलेले नव्हतो, याचा विषाद त्यांनी मानला नाही, किंवा तयारीस वेळ हवा म्हणून मुदतही मागितली नाही.

पुढील मार्गही सुखाचा नव्हता. लिस्बन येथे जहाजाची वाट पाहत नऊ महिने काढावे लागले. राजाने रॉड्रिग्ज यांस आपल्यापाशी ठेवून घेतले. म्हणजे ज्यांची प्रथम निवड झाली होती, ते दोघेही मागे राहिले आणि ज्यांचे नावही नव्हते ते निघाले. ७ एप्रिल १५४१ रोजी, वयास पस्तीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, फ्रान्सिस यांनी जहाजावर पाऊल ठेविले. सेवेस नोकर देऊ केला असता त्यांनी तो नाकारला व आपले कपडे आपणच धुतले. समुद्र लागल्यामुळे दोन महिने त्यांचे हाल झाले. मोझांबिक येथे मुक्काम पडला तेव्हा आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता ते स्वतःही आजारी पडले. अखेर ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. पोपमहाशयांनी त्यांस आपला प्रतिनिधी नेमल्याची अधिकारपत्रे त्यांच्यापाशी होती. तथापि ती त्यांनी गोव्याच्या बिशपांच्या चरणी ठेविली व त्यांच्या अनुमतीनेच कार्यास आरंभ केला.

गोव्यात इस्पितळ व तुरुंग ही त्यांची पहिली कार्यक्षेत्रे होती. रस्त्यातून घंटा वाजवीत ते मुलांस धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. त्याच वर्षी ते दक्षिणेस मोती काढणाऱ्या परव लोकांत गेले व तामीळ भाषेतील प्रार्थना मोठ्या कष्टाने तोंडपाठ करून त्यांनी त्या इतरांस शिकविल्या. उत्तर कोकणातील वसईसही त्यांचे पाय लागले. १५४८ साली गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांस भेटण्यासाठी ते तेथे गेले होते.

मलाक्काच्याही पलीकडे, मोरोच्या बेटांवर जाण्याचे त्यांनी १५४६ साली ठरविले, तेव्हा तेथे विषप्रयोगाचे भय आहे म्हणून मित्रांनी विषावरील नाना औषधे आणून दिली. मित्रांच्या प्रेमाबद्दल त्यांनी आभार मानले, पण औषधे घेतली नाहीत. देवावरील भरवसा हेच औषध त्यांस पुरेसे वाटले. १५४९ साली जपानास जाण्यासाठी योग्य जहाज मिळेना, तेव्हा चाचा म्हणून ख्यात असलेल्या एका चिनी माणसाच्या गलबतातून ते निघाले व १५ ऑगस्ट रोजी, मरियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, कागोशिमा बंदरात उतरले. पुढे ते बर्फातून पायी चालत राजधानी मियाको येथे गेले; परंतु सम्राटाची भेट न होताच त्यांस परतावे लागले.

अखेरचा प्रवास तर सर्वांत कठीण ठरला. चीन देशात प्रवेश मिळावा म्हणून मोठी योजना आखली होती. पण १५५२ साली मलाक्का येथील पोर्तुगीज अधिकाऱ्यानेच ती मोडून टाकली. तरी फ्रान्सिस पुढे गेले व चीनच्या किनाऱ्याजवळील सान्सियन बेटावर उतरले. त्यांस गुप्तपणे पलीकडे नेण्याचे वचन दिलेला व्यापारी आलाच नाही. थंडीत, एका झोपडीत, तापाने पछाडलेले असता, ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचा अंत झाला. वय शेहेचाळीस वर्षांचे होते. उशाशी अंतोनियो नावाचा एक चिनी सोबती होता. समोर चीनची भूमी होती व तिच्यावर त्यांचे पाऊल पडले नाही.

याहून हृदयस्पर्शी गोष्ट पुढेच आहे. २८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी रोमेहून पत्र लिहून, पवित्र आज्ञापालनाच्या बंधनाने, फ्रान्सिस यांस युरोपात परत येण्याचा हुकूम केला. पत्र निघाले तेव्हा फ्रान्सिस यांस मृत्यू येऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. ते जिवंत असते तर काय करते, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. चीनचे दार डोळ्यांसमोर उघडे असते तरी ते मागे फिरले असते. कारण चीन त्यांस प्रिय होता खरा, परंतु ईश्वराची इच्छा त्याहून प्रिय होती. १२ मार्च १६२२ रोजी ख्रिस्तसभेने गुरू व शिष्य या दोघांसही एकाच समारंभात संतपद दिले.

धर्मबंधुभगिनींनो, देवाची हाक आपणांस स्वप्नात किंवा मेघगर्जनेत ऐकू येईल, अशी आपली समजूत असते. फ्रान्सिस यांस ती दुसऱ्याच्या तापाच्या रूपाने आली. आपणांसही ती बहुधा अशाच अडचणीच्या रूपाने येते. अंथरुणास खिळलेल्या सासूची सेवा करण्याची पाळी येते. शेताच्या बांधावरून दुरावलेल्या भावाकडे आपणच प्रथम जावे, असे मन सांगते. दुसरा कोणी मिळाला नाही म्हणून एखादे कष्टाचे काम आपल्या गळ्यात पडते. अशा वेळी आपण म्हणतो की, आज सोय नाही, पुढे पाहू. आम्ही धर्मगुरूही यास अपवाद नाही; बदलीचे पत्र हाती येते तेव्हा आमचेही मन जुन्या जागी घुटमळते. सोयीची तेवढीच आज्ञा पाळली, तर आपण देवाचे ऐकले की स्वतःचे, हे ज्याने त्याने आपल्या अंतःकरणास विचारावे.

ज्युबिलीनिमित्त देवळास रंग दिला, दिवे लावले, हे उचितच झाले. परंतु या वर्षी प्रत्येक घराने, आजवर पुढे ढकललेले एक तरी ईश्वरी काम मुदत न मागता हाती घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे. संत फ्रान्सिस झेवियर आपणां सर्वांसाठी परमेश्वरापाशी विनवणी करोत.