बेगमी राखणाऱ्या बरणीचा जनक

मे महिना सरत आला आणि भीमाशंकरच्या डोंगररांगेवर ढग जमू लागले, की कर्जत तालुक्यातील कशेळे परिसरात आगोटीच्या कामांना वेग येतो. कैरीच्या फोडींना मीठ लागते, पापड-कुरडया उन्हातून घरात येतात, बरण्या धुऊन पुसून कोरड्या केल्या जातात. पुढील चार महिन्यांची भिस्त या बरण्यांवर असते. झाकण नीट बसले नाही, तर दमट हवेने सारी बेगमी वाया जाते. झाकण घट्ट बसवण्याचा हा प्रश्न काचेच्या बरणीपुरता सोडवणारे जॉन लँडिस मेसन यांचे नाव आजही बरण्यांवर झळकते. त्यांचे आयुष्य मात्र विस्मृतीत गेले आहे.

मेसन यांचा जन्म १८३२ चा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातला. व्यवसायाने ते पत्र्याचे काम करणारे कारागीर होते. अन्न बाटलीत भरून, तोंड बंद करून उकळत्या पाण्यात ठेवल्यास ते टिकते, हे फ्रान्सच्या निकोला अपेर यांनी १८१० मध्ये ग्रंथरूपाने जगापुढे मांडले होते. अडचण होती ती बाटलीच्या तोंडाची. बूच, मेण किंवा लाख लावून ते बंद करावे लागे. किंचित फट राहिली तरी हवा आत शिरे आणि अन्न नासून जाई.

मेसन यांनी काचेच्या गळ्यावर आटे पाडण्याची नवी रीत शोधली. हे आटे त्यांनी काठापर्यंत न नेता अलीकडेच विरत नेले. त्यामुळे जस्ताचे झाकण फिरवताच ते बरणीच्या खांद्यावर घट्ट टेकू लागले. ३० नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांना या सुधारणेचे पेटंट मिळाले. तेव्हा त्यांची पंचविशी नुकतीच उलटली होती.

या बरणीतही एक उणीव होती. आतील आंबट-खारट पदार्थाचा जस्ताशी संपर्क येऊन धातू अन्नात उतरे. १८६९ मध्ये लुईस बॉईड यांनी झाकणाच्या आत दुधी काचेची चकती बसवण्याचे पेटंट घेतले आणि ही उणीव बरीचशी दूर झाली. मेसन यांच्या हातून मात्र शोधाचे हक्क हळूहळू इतरांकडे गेले. १८७९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि कोणत्याही कारखान्याला तशी बरणी बनवण्याची मुभा मिळाली. बॉल बंधूंसारख्या उत्पादकांनी त्यावर मोठे उद्योग उभारले. १९०२ मध्ये न्यूयॉर्क शहरात मेसन यांचे निधन झाले, तेव्हा ते दारिद्र्यात दिवस काढत होते.

जुन्या वस्तूंच्या हौशीपोटी या बरण्या आज शहरांतील घरांत आणि शेतघरांत मांडल्या जातात. त्यांच्यावर कोरलेली १८५८ ची तारीख पाहून बरणी तितकी जुनी असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती पेटंटची तारीख आहे. पेटंटची मुदत संपल्यानंतरही अनेक कारखान्यांनी ती वर्षानुवर्षे आपल्या बरण्यांवर उमटवली. नकली बरण्यांवरही ती आढळते. त्यामुळे केवळ तारखेवर भुलून किंमत मोजणे शहाणपणाचे नाही.

मेसन यांच्या बरणीचा इतिहास तिच्या वापराचे नियमही सांगतो. जस्ताचे जुने झाकण, विशेषतः आतील चकती तडकली असेल तर, लोणचे, चिंच, मुरांबा यांवर लावू नये. बरणीच्या काठावरून अलगद बोट फिरवून टवका उडालेला नाही ना, याची खात्री करावी. टवका वा तडा असल्यास तीत खाद्यपदार्थ ठेवूच नये, कारण काचेचे कण अन्नात मिसळू शकतात. जुनी काच तापमानातील एकाएकी होणारा बदल सोसत नाही. थंड बरणीत उकळता पाक ओतल्यास किंवा गरम बरणी ओल्या ओट्यावर ठेवल्यास ती फुटू शकते.

याच कारणाने अन्न भरून उकळण्यासाठी वा प्रेशर कुकरमध्ये ठेवण्यासाठी या बरण्या वापरू नयेत. रबराची जुनी चकती कडक होते आणि हवा रोखू शकत नाही. कमी आंबट पदार्थ नीट प्रक्रिया न करता हवाबंद ठेवल्यास बॉट्युलिझम हा जीवघेणा विषबाधेचा प्रकार संभवतो, आणि दूषित अन्नाचा रंग वा वास बदललेला असेलच असे नाही. धड असलेल्या बरणीत डाळी, साखर, सुपारी, बटणे, दोरे असा कोरडा ऐवज मात्र निर्धास्त ठेवता येतो.

महाराष्ट्रातील जुन्या काचसामानालाही हेच नियम लागू पडतात. मेसन यांच्या निधनानंतर काही वर्षांतच, कर्जतहून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून तो साकारला होता. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्या काळातील काच कोणाच्या माळ्यावर सापडली, तर ती जपावी. चुलीजवळ मात्र नेऊ नये.

मेसन यांच्या झाकणाने असंख्य घरांची वर्षाची बेगमी राखली. त्यांच्या स्वतःच्या उतारवयाची बेगमी मात्र झाली नाही.